एकरी किती निघतं?

फोन लागला तेव्हा निफाडला दिवेलागण झाली होती. माझ्याकडे, इटलीत, अजून दुपार होती. मी कॅमेरा फिरवून नानांना, माझ्या वडिलांना, समोरचा डोंगरउतार दाखवला. पिवळी पडायला लागलेली पानं, गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर लोंबणारे काळपट घड. नाना फोन डोळ्यांजवळ नेतात, त्यामुळे मला पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"मणी लहान आहेत गं. थिनिंग करून मणी विरळ करीत नाहीत का?"

"वाइनची आहेत नाना. लहानच हवेत."

"आणि अजून झाडावर? ऑक्टोबर संपला की."

ही आल्यानिको, म्हटलं. कधीकधी नोव्हेंबरपर्यंत राहते. नानांनी जरा वेळ घेतला आणि मग द्राक्षवाला माणूस पृथ्वीच्या पाठीवर कुठेही विचारील तो प्रश्न विचारला. "एकरी किती निघतं?"

हे मी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. तौराझी या नावाने वाइन विकायची असेल तर हेक्टरी दहा टनांच्या वर माल चालत नाही, असा कायदा आहे. म्हणजे एकरी चार टन. आमच्याकडे चांगल्या वर्षी दहा-बारा टन निघतात आणि आठ निघाले तर घरात आवाज खाली येतात.

"चार," मी म्हटलं. "आणि जास्त काढलं तर ते नाव लावता येत नाही."

"जास्त काढलं तर शिक्षा?" नाना हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "मग खातात काय ही माणसं?"

कामासाठी नेपल्सला गेले होते आणि परतीच्या आधी तीन दिवस मोकळे होते. बाकीचे काप्रीच्या बोटीत बसले. मी आवेल्लिनोची बस धरली. द्राक्षवाल्याची मुलगी सुट्टीतही बागच बघायला जाते, यावर घरी बरेच विनोद झाले आहेत.

दक्षिण इटली म्हटलं की ऊन, लिंबं, निळा समुद्र असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आवेल्लिनोच्या या भागात, इरपीनियात, यातलं काही नाही. नेपल्सपासून तासाभराच्या अंतरावर डोंगर सुरू होतात, हवा गार होते, चेस्टनटची जंगलं आणि हेझलनटच्या बागा लागतात. थंडीत इथे बर्फ पडतं. चुनखडी आणि चिकणमातीच्या जमिनीवर शतकानुशतकं व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख पडत आली आहे. दिवसा ऊन आणि रात्री स्वेटर, असं हवामान. द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा सोडत नाही. एका गावाचं नाव आहे तूफो. तिथे १८६६ साली गंधकाच्या खाणी सापडल्या आणि त्याच डोंगरावर ग्रेको नावाचं पांढरं द्राक्ष होतं. हे ऐकताना मला आमच्या शेडमधली गंधकाची पोती आठवली. वेलीवर भुरीचा रोग आला की आमच्याकडे गंधक विकत आणून मारायचं. ह्यांच्याकडे ते पायाखालीच.

आवेल्लिनोला लागून आत्रिपाल्दा नावाचं छोटं गाव आहे. तिथे मास्त्रोबेरार्दिनो या घराण्याचं तळघर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे लोक त्या गावात असल्याची नोंद आहे आणि १८७८ साली आंजेलो मास्त्रोबेरार्दिनोने धंद्याची रीतसर नोंदणी केली. दहा पिढ्या, असं ते सांगतात. अशी वाक्यं ऐकली की मी सावध होते. बाटलीवर वंशावळ छापली की किंमत वाढते, हे समजायला इटलीला जावं लागत नाही. दहा पिढ्या शेती तर आमच्याही घरात झाली असेल. आमच्या पूर्वजांची नावं सातबाऱ्यावर येतात आणि वारस लागले की खोडली जातात, इतकाच फरक.

पण या घराण्यात एक माणूस असा झाला की त्याच्यासाठी मी माझा सावधपणा थोडा सैल करते. आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो. जन्म १९२८, मृत्यू २०१४.

तो हाती कारभार घेतो तो काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. त्याच्या आधीच फिलोक्सेरा येऊन गेली होती. ही अमेरिकेतून आलेली, मुळं खाणारी बारीक कीड. एकोणिसाव्या शतकात तिने फ्रान्सच्या बागा झोपवल्या आणि मग ती सगळीकडे पसरली. इलाज सापडला तोही अमेरिकनच. तिथल्या रानवेलीच्या मुळावर आपल्या वेलीचं कलम करायचं. म्हणजे बागा नव्याने लावणं आलंच, आणि नव्याने लावायची तर काय लावायचं, हा प्रश्नही आला. मध्ये युद्ध झालं. तरुण माणसं आधी अमेरिकेला जात होती, आता तूरीनच्या, मिलानच्या कारखान्यांत जाऊ लागली. जे मागे राहिले त्यांना सल्ला मिळत होता की भरपूर माल देणाऱ्या जाती लावा. त्रेब्यानो लावा, सांजोवेझे लावा. बाजारात खपेल, ट्रक भरेल.

सल्ला चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. माझ्या वडिलांनी असाच सल्ला ऐकला आणि त्यावर माझं शिक्षण झालं.

आंतोनियोने तो ऐकला नाही. आल्यानिको, फियानो आणि ग्रेको या तीन स्थानिक जातींवर तो अडून बसला. फियानो तर जवळजवळ संपल्यात जमा होती. घड लहान, रस कमी, कष्ट जास्त. जुन्या बागांतून, कुणाच्या परसातून वेली शोधून, त्यांच्या काड्या घेऊन त्याने ती पुन्हा उभी केली. रोमन लेखक प्लिनी एका द्राक्षाला आपियानुम म्हणतो, मधमाश्या त्याच्यावर तुटून पडतात म्हणून. ती हीच फियानो, असं इरपीनियात मानलं जातं. आज फियानो दी आवेल्लिनो हे नाव इटलीतल्या उत्तम पांढऱ्या वाइन्समध्ये घेतात आणि शेजारपाजारची कितीतरी घराणी ती करतात. एका माणसाच्या हट्टातून एवढं होतं यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. इथे थोडा बसला.

त्याच्या हट्टात मला आवडलेली गोष्ट ही की जुनं म्हणून सगळंच चांगलं, असं तो मानत नव्हता. तळघर स्वच्छ, शास्त्र नवं, पण वेल मात्र इथलीच. माझ्याबरोबरची मुलगी तळघर दाखवत होती. वर कमानींवर रंगवलेली चित्रं, खाली ओकची पिंपं, बाजूला चकचकीत पोलादी टाक्या, गारवा. ती एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती की आल्यानिकोशी घाई करता येत नाही. साल जाड, तुरटपणा भरपूर, आंबटपणाही भरपूर. तरुणपणी ही वाइन तोंड आवळून टाकते. म्हणून नियमच आहे. तौराझी तीन वर्षांच्या आत बाजारात आणायची नाही, आणि रिझेर्वा म्हणायची असेल तर चार वर्षं. १९६८ सालची त्यांची रिझेर्वा जाणकार अजून काढतात आणि तिच्याबद्दल बोलतात. पियानो दांजेलो, कास्तेलफ्रांची आणि मोंतेमारानो या तीन ठिकाणचा माल त्या वर्षी वेगवेगळा बाटलीत भरला होता. त्या काळी दक्षिणेची वाइन म्हणजे उत्तरेच्या फिकट वाइनमध्ये मिसळायचा गडद रंग, अशी तिची पत होती. टँकरने जायची, नाव नसायचं. तिथे एका माणसाने तीन गावांची नावं तीन बाटल्यांवर लिहिली. पुढे १९९३ साली तौराझीला इटलीचा सर्वोच्च दर्जा, डीओसीजी, मिळाला. दक्षिणेत तो मिळवणारी ती पहिली वाइन.

मध्ये भूकंप झाला होता. २३ नोव्हेंबर १९८०, रविवार, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. दीड मिनिट जमीन हलली आणि जवळपास तीन हजार माणसं गेली. इरपीनियाची कितीतरी गावं नकाशापुरती उरली. ज्यांना किल्लारी आठवतं त्यांना हे जास्त सांगायला नको. इथेही अर्धवट भिंती, पत्र्याची घरं आणि वर्षानुवर्षं अडकलेला मदतीचा पैसा, अशीच पुढची गोष्ट आहे. भूकंपानंतर पुन्हा उभं राहताना या घराण्याने आपल्या मुख्य तौराझीला 'रादीची' हे नाव दिलं. अर्थ, मुळं. नाव थोडं भावुक आहे. पण ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती, त्यांना तेवढी सूट आहे.

आणि भाऊबंदकी? तीही झाली. १९९० च्या दशकात आंतोनियो आणि त्याचा भाऊ वाल्तेर वेगळे झाले. वाल्तेर आणि त्याच्या मुलांनी तेर्रेदोरा हे नवं घराणं उभं केलं आणि बागांचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. आंतोनियोकडे तळघर आणि नाव राहिलं. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा नानांनी पहिल्यांदा त्या लोकांविषयी आपुलकी दाखवली. "नाव राहिलं, बाग गेली," ते म्हणाले. "मग परत लावली असेल." लावली.

भोकरी या जुन्या द्राक्षाची गोष्ट इथे सांगायला हवी.

आमच्या विहिरीकडच्या तुकड्यात आबांची, म्हणजे आजोबांची, भोकरीची बाग होती. तारेचा मांडव नाही. पांगाऱ्याची झाडं लावायची, त्यांचा शेंडा छाटून बुटकी ठेवायची आणि त्यांच्या आधाराने वेल वाढवायचे. जुन्या नाशिकची हीच पद्धत. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, हबशी ही नावं आजी स्वयंपाकघरातली भांडी सांगावीत तशी सांगायची. नानांनी ती बाग ८० च्या दशकात उपटली. थॉमसन ही बिनबियांची जात लावली, मांडव उभा केला. पुढे पाणी खारं व्हायला लागलं, तेव्हा डॉगरीजवर कलमं केली. डॉगरीजही मूळची टेक्सासकडची रानवेल. आपल्याकडे फिलोक्सेराचं भय नव्हतं. खारं पाणी आणि दुष्काळ, यांच्यासाठी ती आली. म्हणजे इरपीनियाचा आणि निफाडचा वेल, दोघांचेही पाय अमेरिकन.

आत्रिपाल्दाहून परतताना बसमध्ये मी मनात एक सरळ चित्र तयार करत होते. आंतोनियोने जुनं राखलं, नानांनी उपटलं. एक शहाणा, एक बिचारा. फोनवर मी तसं काहीसं बोललेही असेन, कारण नाना एकदम म्हणाले, "भोकरी खाल्लीस का कधी तू?"

नव्हती.

"जाड सालीची, बियांची, बेचव. माल भरपूर यायचा, पण गोडी नाही. तुझ्या आबांना आवडायची, कारण त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं."

इथे माझं चित्र फाटलं आणि ते बरंच झालं. इरपीनियात जे राखलं गेलं ते कमी देणारं पण चवीचं होतं. आमच्याकडे जे गेलं ते भरपूर देणारं होतं आणि चवीला साधं. उलटाच हिशेब. आणि खायच्या द्राक्षाला अमुक टनांच्या वर काढलंस तर तुझं नाव लावता येणार नाही, असं म्हणणारा कायदा नाही, चार वर्षं थांबणारं तळघर नाही. तोडणीनंतर काही दिवसांत माल गेला नाही तर तो बेदाणा होतो किंवा खत होतो. थांबण्याची सोय असेल तर माणूस थांबतो. आंतोनियोचा हट्ट मोठा होता, यात शंका नाही. पण त्याच्या हातात हट्ट करता येईल असं पीक होतं, हेही खरं.

तिसऱ्या दिवशी मी पॉम्पेईला गेले.

इथे मास्त्रोबेरार्दिनोंनी जे केलं ते ऐकून मी आधी नाक मुरडलं होतं. १९९६ साली तिथल्या पुरातत्त्व खात्याबरोबर त्यांनी भग्न शहराच्या आतच द्राक्षं लावली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने शहर गाडलं तेव्हा जिथे वेली होत्या तिथेच. २००१ चा पहिला हंगाम, १,७२१ बाटल्या, नाव 'विल्ला देई मिस्तेरी'. किंमत अर्थातच पर्यटकाच्या खिशाबाहेरची. प्राचीन रोमची चव बाटलीत, वगैरे लोकांनी लिहिलं. ही चव कुणालाच माहीत नाही. रोमन लोक वाइनमध्ये पाणी घालत, कधी मध, कधी समुद्राचं पाणीसुद्धा. ती प्यायला दिली तर आज लोक पैसे परत मागतील. २००१ ची वाइन आजच्या शास्त्राने केलेली, आजच्या जिभेसाठी. जुनं होतं ते वेलीची जागा, लावणीची पद्धत, आणि शाशिनोझो व पिएदिरोस्सो या जाती. पिएदिरोस्सो म्हणजे लाल पाय. पिकलं की या द्राक्षाच्या घडाचा देठ कबुतराच्या पायासारखा तांबडा होतो.

पण वेली कुठे होत्या हे कसं कळलं, ते ऐकल्यावर मुरडलेलं नाक सरळ झालं. विल्हेल्मिना यशेम्स्की नावाच्या अमेरिकन विदुषीने आयुष्याची कितीतरी वर्षं पॉम्पेईच्या बागा खणण्यात घालवली. घरं नाही, मूर्ती नाहीत, बागा. ज्वालामुखीच्या खड्यांखाली गाडलेली मुळं कुजून गेली आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. कालांतराने त्यांत बारीक खडे भरले. यशेम्स्कीची माणसं ते खडे हलकेच उपसायची, आत तार सोडायची, सिमेंट ओतायची आणि ते घट्ट झालं की भोवतालची माती काढायची. खाली उरायचा मुळाचा साचा. रंगमंडलाजवळच्या एका मोठ्या मोकळ्या जागेला लोक गुरांचा बाजार म्हणत आले होते. तिथे दोन हजारांहून अधिक वेलींच्या पोकळ्या निघाल्या, प्रत्येकीशेजारी आधाराच्या खुंटाचं भोक. शहराच्या भिंतीच्या आत भलीमोठी द्राक्षबाग. ओळी सरळ, अंतर मोजून मापून.

मी त्या ओळींमध्ये उभी राहिले. बागेत वाढलेल्या माणसाचे डोळे आपोआप अंतर मोजतात. वेल जवळजवळ होते, आमच्या ट्रॅक्टरला शिरता येणार नाही इतके. कुणीतरी हे चेस्टनटचे खुंट एकेक करून ठोकले होते, दोर धरून ओळ सरळ केली होती. त्या हंगामाची तोडणी त्याच्या नशिबी नव्हती. वेलींचा ओला लाकडी भाग जाऊन त्याची फक्त पोकळी उरली, आणि दोन हजार वर्षांनी कुणीतरी येऊन ती पोकळी भरली. प्लिनीही त्याच उद्रेकात किनाऱ्यावर मेला. ज्याने मधमाश्यांच्या द्राक्षाबद्दल लिहून ठेवलं तोच. मला वाटतं, याच जागी वेल पुन्हा लावण्याला मी आता नुसती जाहिरात म्हणणार नाही. जाहिरात आहेच. पण रिकाम्या खड्ड्यात काडी लावावीशी वाटणं, ही शेतकऱ्याची खोडही आहे.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात शेवटचे दोन तास गेले. 'गुप्त दालन' नावाच्या खोल्यांत, लाजऱ्या शाळकरी मुलांच्या घोळक्यामागे, एका काचेत ती उभी होती. हस्तिदंताची, वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात सापडली. लोक तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. अभ्यासक म्हणतात लक्ष्मी नाही, यक्षी असावी. तिच्या घडणीशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि जालन्यातलं भोकरदन. व्हेसुव्हियस फुटला त्या दिवशी ती तिथे होती.

परतीच्या वाटेवर मला त्या बाजूने जाणारी बोट दिसत होती आणि या बाजूने येणारीही. त्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासनोंदीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. वाइन, त्यातही इटलीची सर्वांत आवडती. पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल भडोचला जायचा, हेही त्याच नोंदीत. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली. ज्ञानेश्वरांच्या खांबाला हात जोडायला आम्ही जातो ते नेवासं. आबा दरवर्षी जायचे. त्याच टेकाडाखाली इटलीच्या वाइनची रिकामी मडकी पडली आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, कोण जाणे. बहुधा मडकं मजबूत होतं का, ते विचारलं असतं.

घरी येताना एक बाटली आणली. तौराझी, २०१६. नाना माळकरी. दारूचा थेंब नाही, आणि वाइनला दारू म्हणायचं की नाही या वादात त्यांना रस नाही. आमच्या आसपासच्या शिवारात वाइनची द्राक्षं लावणारे आहेत, पण नानांनी त्या मालाची पुढची अवस्था कधी पाहिलेली नव्हती. मी आणि माझ्या भावाने जेवणानंतर ओट्यावर बाटली उघडली. नाना झोपाळ्यावरून पाहत होते. मग म्हणाले, "वास घ्यायला हरकत नाही."

स्टीलचा पेला दिला, कारण काचेचे दोनच होते. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले, परत धरला. डाळिंबाची साल, म्हणाले. मग, ओली माती. मग काहीच म्हणाले नाहीत. पेला मला परत दिला आणि बाटली हातात घेऊन तिच्यावरचा कागद चष्मा वर करून वाचू लागले. अक्षरं त्यांना कळणार नव्हती, आकडा कळला.

"दोन हजार सोळा."

"हो. त्या सालची द्राक्षं."

"नोव्हेंबरात तोडलेली म्हणालीस ना?"

"ऑक्टोबरचा शेवट, नोव्हेंबर. तसंच काहीतरी."

नाना थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिले. "तेव्हा आपली बाग फुलोऱ्यात होती," ते म्हणाले. "डिपिंगला, घड औषधात बुडवायला, वीस बाया लावल्या होत्या, आणि पाचशेच्या नोटा बंद झाल्या. दोन आठवडे मजुरी द्यायला सुटे पैसे नव्हते. बाया तरी येत राहिल्या." त्यांनी बाटली अलगद ओट्यावर ठेवली. "शांताबाईचे चारशे रुपये माझ्याकडे राहिले ते राहिलेच. उद्या आठवण कर."